धोत्रा नसलेला धोत्रा

(पडद्यावर: पांझरेचं अर्धं कोरडं पात्र. जानेवारीतली सकाळ. शेळ्यांचा कळप नदीत उतरतोय.)

जानेवारीत पांझरेत पाणी कमी आणि गोटे जास्त. शेळ्या नदीत उतरल्या की हिरवं दिसेल ते ओरबाडत जातात. बाभळीच्या शेंगा सोडत नाहीत, बोरीचा काटा त्यांना काटाच वाटत नाही. पण हे एक झुडूप बघा. निळसर हिरवी पानं, शिरांवर पांढरे पट्टे, कडांना काटे आणि शेंड्याला पिवळंजर्द फूल. शेळी येते, हुंगते, वळसा घालून पुढे जाते.

"हात नका लावू भो, काटा शेतस," शेळ्यांमागचा पोऱ्या मला म्हणाला. तोवर मी लावला होता.

(पडद्यावर: तुटलेल्या देठाचं अगदी जवळून दृश्य. पिवळा चीक थेंबाथेंबाने जमतोय.)

हा पिवळा धोत्रा. कुणी काटेधोत्रा म्हणतं, कुणी फिरंगी धोत्रा. खानदेशात रस्त्याची कड, पडीक वावर, नाल्याचा काठ, विटभट्टीमागची जागा, कुठेही उभा असतो. आता गंमत अशी, की हा धोत्रा नाहीच. खरा धोत्रा, महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात तो, वांग्याच्या कुळातला. म्हणजे आपल्या भरताच्या वांग्याचा चुलतभाऊ. त्याचं फूल लांब कर्ण्यासारखं असतं आणि देठ मोडलं तर चीक निघत नाही. याचं फूल वाटीसारखं उघडं. चार ते सहा पाकळ्या, मधे पुंकेसरांची दाटी, आणि त्या दाटीत गडद तांबडा ठिपका. देठ मोडलं की हळदीच्या पाण्यासारखा चीक. बोंड दोघांचंही काटेरी. त्या बोंडावरूनच हे नाव याला चिकटलं असावं.

याचं खरं घराणं अफूचं. शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना. मूळ गाव मेक्सिकोकडचं. युरोपियन जहाजं अमेरिकेला जाऊ-येऊ लागली, त्यानंतर कधीतरी हा आपल्याकडे पोचला. म्हणून फिरंगी. त्यातलं 'आर्जेमोन' हे नावही उसनंच. जुन्या ग्रीकांकडे डोळ्यात पडणाऱ्या पांढऱ्या डागावर वापरायची एक वनस्पती होती, ते नाव तिचं. ग्रीकांनी मेक्सिको पाहिलेलाच नव्हता. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ साली ते नाव उचललं आणि या अमेरिकन झाडाला देऊन टाकलं. म्हणजे इकडे महादेवाच्या फुलाचं नाव, तिकडे ग्रीकांच्या औषधाचं. दोन्हीकडे नाव दुसऱ्याचंच.

एक सांगून ठेवतो. याचा चीक डोळ्यात घातला की डोळा साफ होतो, असं गावोगाव ऐकायला मिळतं. घालू नका. या चिकात काय आहे ते आता येतंच.

(पडद्यावर: पांढऱ्या थाळीत दोन ढीग. डावीकडे मोहरी, उजवीकडे पिवळ्या धोत्र्याचं बी.)

या थाळीत मोहरी कोणती, सांगा पाहू? मी चार घरी ही थाळी फिरवली. तीन बायांनी उजव्या ढिगावर बोट ठेवलं. चौथीने दाणे बोटात चुरून पाहिले आणि म्हणाली, "ही खरबडीत लागते, आमची गुळगुळीत असते." तिचं बरोबर होतं. धोत्र्याच्या बीवर जाळीसारखी नक्षी असते. भिंग लावलं की स्वच्छ दिसते. नुसत्या डोळ्यांना मात्र दोन्ही ढीग सारखेच काळे.

उत्तर भारतात मोहरीच्या शेतात हा तण म्हणून वाढतो आणि मोहरीबरोबरच पिकतो. कापणीत बी मिसळतं, कधी मुद्दाम मिसळलंही जातं, आणि घाण्यातून जे निघतं ते मोहरीचं तेल म्हणून विकलं जातं. त्या तेलात, आणि मघाच्या चिकातही, सँग्विनरीन नावाचं विष असतं. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या त्याने सैल पडतात आणि पाझरायला लागतात. आधी पाय सुजतात, मग धाप लागते. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो, काहींचं हृदय थकतं. या आजाराला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. कलकत्त्यात तो १८७७ साली नोंदला गेला. १९९८च्या पावसाळ्यात दिल्लीत त्याची मोठी साथ आली आणि ६०हून जास्त माणसं गेली. त्यावर उतारा नाही. ते तेल बंद करायचं आणि सूज उतरायची वाट बघायची.

खानदेशातल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं तेल, तिळाचं तेल. मोहरी फोडणीपुरती, चिमटीत मावेल एवढी. आपण त्या वाटेला गेलो नाही, यात आपली हुशारी काही नाही. चव वेगळी, म्हणून वाचलो.

(पडद्यावर: तापीकाठचं गव्हाचं वावर. कॅमेरा जमिनीलगत.)

याच घराण्यातला दुसरा भाऊ अगदी उलट स्वभावाचा. तो बघायचा तर जमिनीवर पोट टेकवावं लागतं. मी टेकवलं. चोपडा तालुक्यातलं भिजवणीचं वावर, गहू गुडघ्याएवढा, आणि गव्हाच्या ओळीत गाजराच्या पाल्यासारखं काहीतरी. निंदणाऱ्या मावशी माझ्याकडे बघून हसत होत्या. गहू सोडून तणाचा फोटो काढणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

हा पित्तपापडा. हकीम याला शाहतरा म्हणतात. उत्तरेत गव्हा-हरभऱ्यात तो सर्रास दिसतो. आपल्याकडे मला मात्र शोधावा लागला. पानाचा रंग राखेसारखा. सकाळच्या दवात त्याचा झुपका लांबून पाहिला, तर जमिनीतून धूर निघतोय असं वाटतं. युरोपात याच्या जातभाईंना लॅटिनमध्ये 'जमिनीचा धूर' असंच नाव पडलं होतं.

(पडद्यावर: फुलाचं अतिजवळचं दृश्य. बाजूला मापासाठी ज्वारीचा दाणा.)

फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. फिकट गुलाबी, टोकाला जांभळट, शाईत बुडवून काढल्यासारखं. पाकळ्या चारच. बाहेरच्या दोघींपैकी वरचीला मागे एक पिशवी असते, तिच्यात मध. आतल्या दोघी टोकाशी जुळलेल्या. त्यांच्या मुठीत पुंकेसर झाकलेले. पिवळा धोत्रा मधमाशीला नुसते परागकण देतो, मधाचं नावच नाही. हा मध ठेवतो, पण कुलूप लावून. देठ मोडलं तर चीक नाही, साधं पाणी. फळात बी एकच.

एवढा फरक आहे, म्हणून वनस्पतीशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं याचं कुळ वेगळं धरलं होतं. पुढे जनुकं तपासली आणि दोघांना पुन्हा एका छताखाली आणलं. रसायनशास्त्राला ते आधीपासून दिसत होतं: प्रोटोपीन नावाचं एकच अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक रसायन, या मऊ पित्तपापड्यातही आहे आणि त्या काटेरी धोत्र्यातही.

आणि नावाचा घोळ इथेही सुटत नाही. बाजारात पित्तपापडा मागितला तर जुडी मिळते, पण ती याच झाडाची असेल असं नाही. महाराष्ट्रात या एका नावाखाली दोन-तीन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. वैद्याने लिहून दिलेला कोणता आणि काढ्यात उकळला गेला कोणता, हे पित्तालाच ठाऊक.

(पडद्यावर: स्वयंपाकघर. अनारशाचा गोळा खसखशीवर थापला जातोय.)

तिसऱ्याला शोधायला वावरात जायला नको. तो डब्यात आहे. अधिक महिना, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. तीन दिवस भिजलेले तांदूळ, गूळ, आणि थापताना खाली पसरलेली खसखस. तळताना खसखशीची बाजू वर, नाहीतर सगळी तेलात. अर्ध्या खानदेशच्या घरी वाटणातही ती असतेच. ही खसखस म्हणजे अफूचं बी. बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक गळतो, ती अफू. बीमध्ये ती नाही. फार तर वरून थोडी लागलेली असते. तरी अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. दुबईच्या मुलाकडे निघालेल्या आयांना कुणीतरी आधी सांगायला हवं, कारण विमानतळावर वाणाचं महत्त्व पटवता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. माळव्याहून मुंबईला निघालेला आग्रा रस्ता सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे करत जातो. आज सरकारी परवान्याने अफू पिकते ती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. सातपुड्याच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ती गुन्हा आहे. शोभेसाठी कुंडीत लावली तरीही.

(पडद्यावर: जळगावातलं एका बंगल्याचं अंगण. लाल, गुलाबी, पांढऱ्या पॉपी.)

मग या कुंड्यांतलं काय? घाबरू नका. ही अफू नव्हे, तिची बहीण: शेतातली लाल पॉपी, तिच्यापासून बागेसाठी तयार केलेले रंग. ओळखायची खूण पानात. अफूचं पान गुळगुळीत, राखाडी आणि देठाला मिठी मारलेलं. हिचं पान कातरलेलं आणि सगळ्या अंगावर लव. घरचे काका निवृत्त शिक्षक आहेत. दिवाळीच्या सुमाराला बी टाकतात, वाळूत मिसळून, कारण एरवी ते इतकं बारीक की एका जागी सांडतं. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर रुसतं, म्हणून जिथे पेरलं तिथेच वाढू द्यायचं. पलीकडच्या वाफ्यात केशरी रंगाची कॅलिफोर्निया पॉपी. सांज झाली की ती छत्रीसारखी मिटते. तिच्याबद्दल एवढंच, कारण मला लालचं वेड.

लालची कळी मान खाली घालून असते, सासुरवाशिणीसारखी. उमलायच्या आधी देठ ताठ होतो. दोन केसाळ हिरवी आवरणं फटकन सुटतात आणि आतून चुरगळलेली पाकळी बाहेर येते. ट्रंकेतून काढलेल्या रेशमी लुगड्याला घड्या असाव्यात, तशी. हे टिपायला मी दोन पहाटा काकांच्या अंगणात काढल्या. पहिल्या दिवशी काकूंनी चहाला बोलावलं आणि तेवढ्यात फूल उमललं. दुसऱ्या दिवशी चहा अंगणातच आला, पण कॅमेऱ्याची बॅटरी संपली. तेव्हा तुम्ही आत्ता बघताय ते तिसऱ्या पहाटेचं फूल आहे. दुपारच्या वाऱ्याने त्याच्या दोन पाकळ्या गेल्या.

(पडद्यावर: मे महिना. तीच पांझरा. उन्हात वाळलेलं, पिवळट करडं झुडूप.)

मेमध्ये पुन्हा नदीत गेलो. शेळ्या सावलीला बसलेल्या. पिवळा धोत्रा वाळून उभा, काटे आधीपेक्षा कडक. बोंड वरच्या टोकाला फाकलंय. वारा आला की झुडूप डोलतं आणि बी गोट्यांमध्ये सांडतं, टपटप आवाज करत. पाऊस लागला, पांझरेला पूर आला, की यातलं बरंच खाली जाईल.

(पडद्यावर: मुडावदचा संगम. काठावर कपिलेश्वराचं देऊळ.)

पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते. संगमावर कपिलेश्वर महादेव. महाशिवरात्रीला मी इथे आलो होतो. आत पिंडीवर बेल आणि पांढरा धोत्रा. बाहेर, घाटाच्या शेवटच्या पायरीखाली, गाळात पिवळा फुललेला.