घरातल्या आजारपणातून पोषणशास्त्राकडे

पोषणशास्त्राकडे वळलेल्या माणसाला त्यामागचे कारण विचारले, तर पुस्तकाच्या आधी बहुधा घरातले कुणीतरी आठवते: पथ्य सांभाळून थकलेले आजोबा, वजन वाढत नाही म्हणून सतत काट्यावर ठेवले जाणारे धाकटे भावंड, किंवा स्वतःच्याच पोटाने दिलेला त्रास. डॉक्टर रुग्णाला काही मिनिटे पाहतात. घरातली माणसे मात्र ताटात काय उरले आणि काय खाल्ल्यावर त्रास झाला, हे वर्षानुवर्षे पाहत असतात. या शास्त्रातले काही मोठे शोध अशा पाहण्यातूनच सुरू झाले आहेत.

भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ चा. त्यांच्या तरुणपणी त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्यांच्या विकाराने थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले आणि पुढे त्यांना स्वतःलाही त्याच विकाराने गाठले. या आजारात अन्न पोटात जाते, परंतु त्यातले पोषक घटक नीट शोषले जात नाहीत, त्यामुळे जेवणारा माणूसही झिजत जातो. सुब्बाराव त्यातून वाचले, अमेरिकेत गेले, आणि १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक ॲसिडचे संश्लेषण झाले. हेच जीवनसत्त्व स्प्रूच्या उपचारात उपयोगी ठरले. रसायनशास्त्र त्यांना भावांच्या मृत्यूने शिकवले नाही, हे उघड आहे. तरीही संशोधनाची दिशा ठरण्यात त्या मृत्यूंचा काहीच वाटा नव्हता, असे म्हणणे कठीण आहे.

घराचा हा वाटा सर्वांत स्पष्ट दिसतो तो फिनाइलकिटोन्युरिया या जन्मजात विकाराच्या इतिहासात. नॉर्वेतील बोर्ग्नी एगेलँड यांची दोन्ही मुले बौद्धिक वाढीत मागे पडत होती आणि त्यांच्या अंगाला एक विचित्र, कुबट वास येत असे. अनेक डॉक्टरांकडे जाऊनही उलगडा झाला नाही, पण या आईने विचारणे सोडले नाही. अखेर १९३४ मध्ये आस्बयर्न फोलिंग या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन घातले, तेव्हा ती हिरवी झाली. त्या रंगाचा माग काढत ते फिनाइलपायरुविक ॲसिडपर्यंत पोहोचले. हे ॲसिड ज्यापासून बनते, तो प्रथिनांतला फिनाइलॲलॅनिन हा घटक या मुलांच्या शरीरात नीट मोडला जात नव्हता, आणि तो साचून मेंदूला इजा होत होती. पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये एका आईने ‘निदान झाले, आता उपचार सांगा’ असा लकडा लावला, तेव्हा होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलॲलॅनिन काढून टाकलेले प्रथिनांचे मिश्रण तयार केले. त्या आहाराने तिच्या मुलीत दिसलेली सुधारणा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मात्र आहाराचा खरा लाभ व्हायचा, तर तो मेंदूला इजा होण्याआधी, म्हणजे जन्मानंतर लगेच सुरू व्हायला हवा होता. हा प्रश्न रॉबर्ट गथ्री यांनी सोडवला. ते कर्करोगावर काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका मुलाला बौद्धिक अपंगत्व होते आणि त्यांच्या भाचीला फिनाइलकिटोन्युरिया होता. तिचे निदान उशिरा झाले. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टीपकागदावर वाळवून करायची त्यांची चाचणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. भाचीसाठी ती उशिरा आली होती, आणि मुलाचा विकार वेगळाच होता. आज अनेक देशांत नवजात बाळांच्या टाचेतून थेंब घेतला जातो, त्या पद्धतीची सुरुवात ही अशी आहे.

अशा कथा ऐकताना एक धोका मात्र लक्षात ठेवावा लागतो. घरातला अनुभव प्रश्न देतो; उत्तर तो क्वचितच देतो. एखाद्याला एका आहाराने बरे वाटले, की तो आहार सगळ्यांच्या गळी उतरवण्याचा उत्साह संचारतो, आणि मग पोषणाची आवड ही शेजाऱ्याच्या ताटावरची देखरेख होऊन बसते. रिचर्ड बर्नस्टीन यांना वयाच्या बाराव्या वर्षी मधुमेह झाला. पेशाने अभियंते असलेल्या बर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये डॉक्टर पत्नीच्या मदतीने रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र मिळवले आणि स्वतःच्या आहाराचा परिणाम दिवसातून अनेकदा मोजला. डॉक्टर नसलेल्या माणसाचे कुणी ऐकेना, म्हणून पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. रक्तशर्करा काटेकोर राखल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसांची हानी मंदावते, हे सिद्ध व्हायला मात्र १,४४१ रुग्णांचा, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास लागला. बर्नस्टीन यांनी सुचवलेल्या अत्यल्प कर्बोदकांच्या आहाराबद्दल मतभेद आजही आहेत.

अनुभवाचा उपयोग तपासणीच्या खोलीत वेगळ्या रीतीने होतो. गेल्या २४ तासांत काय खाल्ले, ही नोंद कोणताही आहारतज्ज्ञ घेतो. ज्याने स्वतःच्या घरी पथ्य निभावले आहे, तो त्यासोबत आणखीही विचारतो: स्वयंपाक कोण करते, पथ्याचे वेगळे शिजते की सगळे तेच खातात, आणि ठरलेल्या पथ्यातले काय गुपचूप सुटले आहे. शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर पहिल्या भेटीत सहसा मिळत नाही, म्हणून तो पुढच्या भेटीत पुन्हा विचारावा लागतो.