हातचा एक कुठे राहतो?

47 अधिक 38. मनातल्या मनात करा. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. आता तो एक कुठे आहे? चार आणि तीन सात होईपर्यंत तुम्ही तो कुठंतरी धरून ठेवलात, मिळवलात आणि पंच्याऐंशी म्हणून मोकळे झालात. मानसशास्त्रात या धरून ठेवण्याला वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये तिचं प्रारूप मांडलं. ती नुसती साठवण नाही, धरणं आणि धरलेल्यावर काम करणं असं दोन्ही तिच्यात येतं, हा त्यांचा मुद्दा. मी आज तिला सरळ ‘हातचा’च म्हणणार आहे. तो विजेच्या रूपात पकडता येतो का, एवढंच बघायचंय.

या खुर्चीत बसलेल्या ताईंनी, डोक्यावरून मेंदूतली वीज टिपणाऱ्या 32 इलेक्ट्रोडची टोपी घातली आहे. एकेका भोकातून केस बाजूला सारून सिरिंजने जेल भरलं, त्यात अर्धा तास गेला. पडद्यावर ज्या रेषा थरथरताहेत त्या जेमतेम पन्नासेक मायक्रोव्होल्टच्या आहेत. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा 30,000वा भाग केला तर 50 मायक्रोव्होल्ट होतात. एकट्यादुकट्या पेशीची वीज इथवर पोचतच नाही. एका दिशेने उभ्या असलेल्या असंख्य पेशींनी एकदम सूर लावला, तरच कवटीबाहेर काही ऐकू येतं.

ताई, जरा दात आवळा. पाहिलंत? रेषांचा नुसता काळा पट्टा झाला. जबड्याच्या स्नायूंपुढे मेंदू बिचारा कुजबुजतोय. आता डोळे मिटून स्वस्थ बसा. डोक्याच्या मागच्या भागातल्या रेषा बघा, सेकंदाला साधारण 10 हेलकावे. ही अल्फा लहर. येना शहरात हान्स बर्गरने 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि 1929 मध्ये ती छापली. मधली पाच वर्षं का लागली, हे आत्ताचा काळा पट्टा बघितल्यावर सांगायला नको.

आता हातच्याकडे येऊ. मी अक्षरं म्हणतो, दोन घरं मागचं अक्षर पुन्हा आलं की हात वर करा. ट, म, ल, म... बरोबर. याला टू-बॅक म्हणतात. दोनाचं तीन केलं की भलेभले गडबडतात. अशा वेळी कपाळाच्या वर, मधोमध, सेकंदाला 4 ते 8 हेलकाव्यांची थीटा लहर वाढते. मी या कामात नवा होतो तेव्हा मला तिथंच एक सुरेख, संथ लाट सापडली होती. काम अवघड केलं की ती वाढायची. दोन आठवडे मी हवेत होतो. मग कळलं, उत्तर देऊन झालं की लोक सुटल्यासारखे पापण्या मिटत होते, आणि अवघड फेरीत जास्तच. मी पापण्या मोजत होतो!

बरं, थीटा खरी असली तरी ती तोंडी हिशेब करतानाही वाढते. कपाळावरचा घाम बघून ओझं जड आहे एवढं समजतं. पोत्यात काय आहे आणि किती नग आहेत, ते नाही समजत.

नग मोजायची युक्ती एडवर्ड व्होगेल आणि मारो माचिझावा यांनी 2004 मध्ये दाखवली, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ती सर्वांत देखणी वजाबाकी आहे. पडद्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला सारखेच रंगीत चौकोन एका सेकंदाच्या दहाव्या भागापुरते चमकतात. त्याआधी एक बाण सांगतो, फक्त डावीकडचे लक्षात ठेव. मग जवळजवळ सेकंदभर पडदा रिकामा, आणि पुन्हा चौकोन. रंग बदलला का, सांगा. डावीकडचं दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातं, उजवीकडचं डाव्या. डोळ्यांना दिसलं ते दोन्हीकडे सारखं, कंटाळा सारखा, पापण्याही सारख्या. फरक एकच, धरून ठेवलंय ते एका बाजूचं. तेव्हा रिकाम्या पडद्याच्या वेळी एका अर्ध्यातून दुसरा वजा करा. दोन्हीकडचं सारखं ते सगळं उडून जातं. उरतो तो जेमतेम एकदोन मायक्रोव्होल्टचा फरक. एका फेरीत तो दिसणारच नाही; शंभर फेऱ्यांची सरासरी काढली की गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो आणि मग तो वर निघतो.

एका चौकोनाला तो लहान, दोनाला मोठा, तीनाला आणखी मोठा. तीनचारच्या पुढे थांबतो. आठ दाखवा, दहा दाखवा, लाट वाढत नाही. ज्यांची लाट दोनावरून चारावर जाताना जास्त वाढते, त्यांना जास्त चौकोन लक्षात राहतात.

मग 2005 मध्ये याच गटाने त्यात खोडा घातला. लाल पट्ट्या लक्षात ठेवा, निळ्यांकडे बघू नका. दोन लाल आणि दोन निळ्या दाखवल्या. ज्यांची धारणा चांगली, त्यांची लाट दोनाएवढी. आणि ज्यांची बेताची, त्यांची जवळपास चाराएवढी! म्हणजे त्यांची झोळी फाटकी नव्हती. नको ते उचलून ती भरून गेली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझं टेबल आठवलं, पण ते राहू द्या.

एक अडचण मात्र आहे. हातचा धरलेला असतो तेव्हा पेशी सतत बोलत असतातच, असं नाही. जानलुईजी मोंजिलो, ओम्री बराक आणि मिशा त्सोडिक्स यांनी 2008 मध्ये असं मांडलं, की पेशींमधले सांधे थोडा वेळ बदलून राहिले तरी भागतं, वीज शांत असली तरी चालेल. मग इलेक्ट्रोडला काय दिसणार? यावर उपाय मडकं वाजवून बघण्याचा. माणूस गप्प बसून काही धरून असताना पडद्यावर एक निरर्थक आकृती चमकवायची आणि तिने मेंदूत उठणारी लाट तपासायची. 2017 मध्ये अशा लाटेतून आत रेघांचा कुठला तिरपेपणा धरलेला होता, ते ओळखता आलं. जे पुढच्या कामाला लागणारच नव्हतं, त्याचा मात्र नाद आला नाही.

ताई, आता टोपी काढू या. जेल साध्या पाण्याने निघतं, पण केस दोनदा धुवावे लागतील. तोवर प्रश्न विचारा.