वकट, लेंड, मुंड, नाल

नमस्कार श्रोतेहो.

विटीदांडू खेळलेलं कोणी ऐकत असेल, तर या चार शब्दांची ओळख करून द्यायला नको. वकट, लेंड, मुंड, नाल! बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरामागे माझे भाऊ सुट्टीभर हेच ओरडत असायचे. विटी कधी पावलावर ठेवायची, कधी मुठीवर, कधी चक्क डोळ्यावर, आणि दर टोल्याचं नाव निराळं. मला ती निव्वळ पोरांची बडबड वाटायची. पुढे कॉलेजात एका तेलुगू मैत्रिणीनं सहज चारपर्यंत मोजलं, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, आणि मी बघतच राहिले. म्हणजे आमचा बंडू इतकी वर्षं तेलुगू आकडे ओरडत होता! कुणी शिकवले नव्हते, कुठल्या पुस्तकात नव्हते. ते म्हटल्याशिवाय डाव पुढे जात नव्हता, म्हणून टिकले.

खेळातून आदिवासींच्या भाषा जपायच्या, असं आता जगभर बोललं जातं. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशकच मूलनिवासींच्या भाषांना दिलं आहे. अलास्कातल्या इनुपियाट लोकांच्या गोष्टीवर २०१४ साली एक व्हिडिओ गेम निघाला. त्यातली गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगितलेली, आणि तो करताना त्यांच्यातली म्हातारी माणसं सोबत होती. हे मला फार आवडलं. नाहीतर बहुतेक ठिकाणी काय असतं? पडद्यावर आंबा येतो, बोट लावलं की आवाज येतो, टाळ्या वाजतात. आवाज बंद करूनही मूल जिंकतं. मग भाषा लागली कुठे?

मी दुसऱ्यांना नावं ठेवते आहे खरी, पण हा घोटाळा मी स्वतःही केलेला आहे. आमच्या मंडळातल्या मुलांसाठी मी मराठी शब्दांचे पत्ते केले होते. जातं, उखळ, रांजण, फडताळ, सगळं हातानं रंगवलेलं. मुलांनी त्या पत्त्यांचा तीन मजली बंगला बांधला.

त्याच मुलांना मराठी बोलतं केलं ते भोंडल्यातल्या खिरापतीनं. आमच्याकडे नवरात्रात भोंडला उरकायचा तो गरब्याच्या आधी, कारण आठ वाजले की मुली चणियाचोळी घालून पळतात. पण डबा उघडायच्या आधी खिरापत ओळखावी लागते. गोड की तिखट? तळलेली की उकडलेली? चमच्यानं खायची का? गुजराती माध्यमातली, इंग्रजी माध्यमातली, सगळी पोरं मराठीतच विचारतात, कारण मी दुसऱ्या भाषेतल्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. गेल्या वर्षी ‘गोड’ म्हटल्यावर सगळ्यांनी हात टेकले. मी डबा उघडला. खांडवी! केवढा गोंधळ झाला म्हणून सांगू! ‘आजी, चीटिंग! खांडवी गोड नसते!’ त्यांची खांडवी म्हणजे फरसाणवाल्याकडची, आपली सुरळीची वडी. माझी गूळ-खोबऱ्याची. अर्धा तास भांडण चाललं, आणि तेही मराठीत.

आता आपल्या शेजारचंच बघा. बडोद्याहून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, छोटा उदेपूरकडे तेजगढ आहे. भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांनी १९९६ मध्ये इथे बडोद्यात ‘भाषा’ ही संस्था काढली, तिचीच आदिवासी अकादमी तिथे आहे. आजूबाजूला राठवा आदिवासींची वस्ती, घरात राठवी बोली, भिलीच्याच गोतातली. भिली आणि तिच्या गोतातल्या बोली मातृभाषा म्हणून नोंदवणारे २०११ च्या जनगणनेत एक कोटीच्या वर होते. संस्कृत नोंदवणारे पंचवीस हजारही नव्हते. तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत संस्कृत आहे, भिली नाही.

राठवा मुलांसाठी खेळ करायला निघणारे पहिल्यांदा पिठोऱ्याचे, म्हणजे राठवांच्या भिंतीवरच्या चित्रांतले, घोडे उचलतात. रंगीत असतात, दिसतातही छान. पण पिठोरा हा नवसाचा. लखारे, म्हणजे चितारी, तो घराच्या भिंतीवर लिहितात आणि बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, तो वाचतो. त्या घोड्यांचे तुकडे करून कोडं बनवण्याआधी त्या घरातल्या माणसांना विचारायला नको? आपल्या देवघरातल्या टाकांच्या कोणी सोंगट्या केल्या तर चालेल आपल्याला? त्यापेक्षा त्यांची पोरं आधीपासून काय खेळतात ते बघावं.

मला ते घराशेजारीच दिसलं. आमच्या सोसायटीलगत इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या मजुरांची आठ-नऊ वर्षांची एक राठवा मुलगी खडीच्या ढिगाऱ्यातून पाच खडे निवडून खेळायची. आपण सागरगोटे म्हणतो, गुजरातीत पांचीका. माझी नात तिच्यासमोर फतकल मारून बसलेली. खडा वर गेला की ती मुलगी प्रत्येक झेलाला काहीतरी म्हणायची, एका लयीत, भराभर. ऐकावं म्हणून मी जवळ गेले. मला पाहिलं मात्र, तिनं खडे मुठीत घेतले, फ्रॉकला हात पुसले आणि पुन्हा सुरू केलं ते एक, बे, त्रण, चार. मी ‘पहिल्यासारखं म्हण ना’ म्हटलं, तर मान खाली. तिला कोणी हसलं असणार कधीतरी, त्याशिवाय एवढं पोर असं वागत नाही. मी मुकाट घरात गेले. खिडकीतून पाहिलं, तर पुन्हा पहिलंच सुरू झालेलं.

इमारत उभी राहिली, ती माणसं दुसऱ्या कामावर गेली. पाच खडे नातीच्या कंपासपेटीत आहेत. परवा ती एकटीच गॅलरीत बसून खेळत होती, आणि दर झेलाला त्या मुलीचे शब्द म्हणत होती. मी विचारलं, ‘याचा अर्थ काय गं?’

‘अर्थ काय आजी, असंच म्हणायचं असतं. नाहीतर आउट.’