कॉफी आणि आपलं हृदय

नमस्कार श्रोतेहो. ‘कॉफी उष्ण असते, हृदयाला वाईट’ असं घरोघरी ऐकायला मिळतं. सोलापुरात राज्य चहाचं. पण शेजारी कर्नाटक, पलीकडं तेलंगणा, त्यामुळं फिल्टर कॉफी पिणारेही इथं कमी नाहीत.

या भीतीची एक जुनी गोष्ट आहे, स्वीडनची. अठराव्या शतकात तिथं कॉफीवर अनेकदा बंदी आली. राजा तिसरा गुस्ताव्ह तर तिला विषच समजायचा. असं सांगतात, की त्यानं फाशीची शिक्षा झालेले दोन जुळे भाऊ निवडले. फाशी माफ, पण अट अशी, की एकानं रोज तीन भांडी कॉफी प्यायची, दुसऱ्यानं तितकाच चहा, जन्मभर! लक्ष ठेवायला दोन वैद्य नेमले. वर्षं लोटली. आधी एक वैद्य वारला, मग दुसरा. १७९२ साली स्टॉकहोमला मुखवट्यांच्या नाचात राजावर गोळी झाडली गेली, त्यात तोही गेला. भाऊ पीतच राहिले. अखेर आधी वारला तो चहावाला, वयाच्या ८३व्या वर्षी! या गोष्टीला पक्का पुरावा नाही, तरी मला ती फार आवडते. शाळेत विज्ञान अशा गोष्टींतून शिकवावं, व्याख्या घोकून घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोन माणसांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे पोरांना लगेच कळेल.

आता मोठा अभ्यास ऐका. ब्रिटनमधल्या सुमारे साडेचार लाख लोकांची साडेबारा वर्षांची माहिती तपासली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार कमी आणि मृत्यूही कमी आढळले. दोन-तीन कप बरं का, दहा नव्हेत. हे कॉफीमुळंच घडलं, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. २०२५च्या अमेरिकी अभ्यासात हा फरक सकाळी कॉफी पिणाऱ्यांत दिसला, दिवसभर पिणाऱ्यांत नाही. म्हणजे दोन-तीन कप, आणि तेही सकाळी.

कोलेस्टेरॉल जास्त असेल, तर कॉफी कागदी गाळणीतून गाळा. ते वाढवणारे तेलकट घटक कागदात अडकतात, स्टीलच्या फिल्टरमधून बरेचसे खाली उतरतात. आणि यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या भावांनो, कॉफी पाळीच्या सुरुवातीलाच घ्या. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात; पहाटे प्यालात तर घरी गेल्यावर डोळा लागणार नाही, आणि हृदयाला झोप कॉफीपेक्षा जास्त हवी असते.