झाडं जिथे थांबतात

(दृश्य: हिमालयाचा उतार. कॅमेरा पायथ्यापासून सावकाश वर सरकतो.)

पायथ्याला सालाचं जंगल. जरा वर गेलं की चीडची बनं, लांब सुयांची. मग ओक, आणि ओकांच्या अधूनमधून बुरांश, वसंतात लालभडक फुलणारा. त्याच्याही वर देवदार, फर. शेवटी भूर्ज, ज्याची पांढरी साल कागदासारखी पदराने सुटते. आणि मग झाडंच संपतात. पुढे नुसतं गवत, खडक आणि बर्फ.

सपाटीवरून उत्तरेकडे निघालात, तर एवढा बदल बघायला हजारो किलोमीटर जावं लागेल. इथे तो एकाच डोंगराच्या अंगावर दिसतो. दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने उतरतं, त्याचा हा परिणाम.

अर्थात, हे पट्टे कुणी फूटपट्टीने आखलेले नाहीत. हिमालयात दक्षिणेच्या उतारावर ऊन जास्त, माती कोरडी. उत्तरेच्या उतारावर सावली आणि ओल. त्यामुळे उंची एकच असली, तरी धारेच्या दोन अंगांना दोन निराळी जंगलं भेटतात.

झाडं संपतात त्या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. आल्प्समध्ये ती २,००० मीटरच्या थोडी वर. तिबेटच्या आग्नेय भागात मात्र ज्युनिपर ४,९०० मीटरपर्यंत चढलेला दिसतो. फरक केवढा! पण वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान मोजलं, की दोन्हीकडे आकडा जवळपास एकच येतो: सुमारे ६ अंश.

हवा विरळ म्हणून झाडं थांबतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. विरळ हवेत, गारठ्यातसुद्धा पानं अन्न तयार करतच असतात. अडतं पुढे. तापमान ५ अंशांच्या खाली गेलं की नव्या पेशी, नवं लाकूड घडायचं काम जवळजवळ बंद पडतं. माल पडून आहे, कारागिरांचे हात मात्र गारठलेत, अशी गत.

त्यात झाडाला नडते ती त्याची उंचीच. शेंडा भर वाऱ्यात, म्हणून तो हवेइतकाच थंड. जमिनीला बिलगलेल्या रोपाचं तसं नसतं.

(दृश्य: अगदी जवळून. खडकाच्या खाचेत गोल, हिरवा, घट्ट पुंजका.)

हा पुंजका पाहा. दगड समजून कुणी यावर पाय देईल. पानं नखाहून लहान आणि इतकी दाट, की बोट आत शिरायला जागा नाही. वारा वरून निघून जातो, उन्हाची ऊब आत अडकून राहते. स्वच्छ दिवशी आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांनीही जास्त भरू शकतं. किडे इथे आसऱ्याला येतात. दुसऱ्या रोपांच्या बियाही इथेच रुजतात.

वर टिकायचं तर ठेंगणं व्हा, हा झाला नियम. तो मोडणारी एक वनस्पती पूर्व हिमालयात ४,००० मीटरच्या वर सापडते. रेवाचिनीची ही नातलग चक्क पुरुषभर उंच वाढते. वरची पानं फिकट पिवळी, अर्धपारदर्शक. ती फुलांना झाकून घेतात. ऊन आत येतं, अतिनील किरण बरेचसे अडतात, आणि फुलं उबेत राहतात.

प्राण्यांना चालता-उडता येतं, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा. मोनाल पक्षी उन्हाळ्यात वृक्षरेषेच्या वर दिसतो, थंडीत खालच्या जंगलात उतरतो. उघड्या उतारांवर भरल, म्हणजे रानमेंढ्या, चरतात, आणि भरलांच्या मागावर हिमबिबट्या. पण खरे चिवट ते लहानगेच. हिमालयातला एक उड्या मारणारा कोळी ६,७०० मीटरपर्यंत आढळला आहे. तिथे ना गवत, ना झुडूप. वाऱ्याने खालून उडवून आणलेले किडे खाऊन तो जगतो. आणि २०२० मध्ये चिली-अर्जेंटिना सीमेवरच्या युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटरवर, चक्क एक जिवंत उंदीर पकडला गेला!

(दृश्य: डोंगराच्या उभ्या छेदाचं जुनं चित्र.)

उंचीप्रमाणे बदलणारी ही सृष्टी एका चित्रात मांडली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी. १८०२ मध्ये ते इक्वाडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर, माथ्यापर्यंत नाही तरी बरेच वर, चढले, आणि १८०७ मध्ये हे चित्र छापून आलं. कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती, त्यांची नावं चित्रातच डोंगरावर लिहिलेली.

२०१२ मध्ये संशोधक पुन्हा चिंबोराझोवर गेले. हवामान तापत गेल्याने वनस्पती ५०० मीटरहून जास्त वर सरकल्याचं त्यांनी मांडलं. मग कुणीतरी हुम्बोल्टच्या मूळ नोंदी उघडल्या. सर्वांत उंचावरची बरीच रोपं त्यांनी चिंबोराझोवर नव्हे, तर अँटिसाना नावाच्या दुसऱ्याच पर्वतावर गोळा केली होती! २०१९ मध्ये सुधारलेला आकडा आला: साधारण २१५ ते २६६ मीटर. निम्मा झाला खरा, पण दिशा वरचीच.

डोंगर वर निमुळता होतो, तशी सरकायला जागाही कमी होत जाते. पेरूमध्ये पँटियाकोया नावाच्या डोंगरधारेवर १९८५ मध्ये पक्ष्यांची मोजदाद झाली होती, ती २०१७ मध्ये पुन्हा केली गेली. खालच्या उतारांवरचे पक्षी वर सरकलेले आढळले. माथ्याजवळच राहणाऱ्या काही जाती मात्र दुसऱ्या खेपेला सापडल्याच नाहीत.