आत्याची सुसर

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

आज बोलायचंय भाजीपाल्यातल्या शिकारी भुंगेऱ्यांबद्दल. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे ढालकिडा. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पाठ लाल-नारिंगी, वर काळे ठिपके. कुणाला सात ठिपके, तर कुणाच्या पाठीवर नुसत्या नागमोडी रेघा. पोरं हातावर घेतात, तो पाय आखडून मेल्याचं सोंग करतो आणि बोटाला पिवळं, कडवट पाणी लावून जातो. हा गडी मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, खातो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

मला बोलायचंय त्याच्या पोराबद्दल. म्हणजे अळीबद्दल. कारण या अळीपायी माझी एकदा अशी फजिती झाली, की तीस वर्षं झाली तरी आमच्या घरात लग्नकार्यात ती निघतेच.

मी शेतकीची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. कऱ्हाडच्या पुढं, कृष्णाकाठी माझी आत्या राहते. तिकडं गेलो. उन्हाळी चवळी होती, पंधरा-वीस गुंठे, आणि कडेला वांगी. आता कृष्णाकाठचं वांगं म्हणजे काय, हे ज्यानं तिथल्या चुलीवरचं भरलं वांगं खाल्लंय त्यालाच कळणार. हल्ली बाजारात जी टणक, चकचकीत, आठ दिवस न सुकणारी वांगी येतात, ती शोकेसमध्ये ठेवावीत, पातेल्यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. चवळीकडे येतो.

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा बसलेला. आणि त्या माव्यात फिरत होत्या राखाडी-काळ्या अळ्या. लांबट, खरबरीत, अंगावर नारिंगी ठिपके, पुढं सहा पाय आणि मागं निमुळती शेपटी. कॉलेजात आम्हाला ढालकिडा दाखवला होता तो टाचणी टोचून पेटीत ठेवलेला. अळीचं चित्र पुस्तकात होतं, पण काळ्या शाईत, अंगठ्याएवढं. मी ओळखलीच नाही. उलट मोठ्यानं म्हणालो, "मामा, मावा तर आहेच, पण ही नवीन कीड आलीय. फवारायला लागेल, आजच."

आत्या शेंगा तोडत होती. वर न बघताच म्हणाली, "नवीन कुठली रे? सुसर हाय ती. माव्यातच असती. मावा सरला की जाती."

सुसर! आणि खरंच, तुम्ही ती अळी नीट बघा, डोहाकाठी पडलेल्या सुसरीचं पिल्लूच वाटतं. पण मी पदवीधर. म्हटलं, "आत्या, तुला काय कळतंय यातलं." हे वाक्य मी म्हटलंय. खोटं कशाला बोलू.

मामांनी भाच्याच्या डिग्रीवर विश्वास ठेवला आणि पंप भरला. आत्या एवढंच म्हणाली, "खालच्या चार सऱ्या सोडा. घरात खायच्या शेंगा हैत. औषध मारलेलं मी पोरांच्या ताटात वाढणार न्हाई." सोडल्या.

दुसऱ्या दिवशी रान स्वच्छ. मावा नाही, सुसर नाही. मी गुळाचा चहा पिऊन, मिशीवर हात फिरवून गावी परतलो.

पंधरा दिवसांत मामांचा निरोप आला, येऊन जा. गेलो. फवारलेल्या भागात हात लावला तर चिकट. पानांवर माव्याचा गोड चिकटा आणि त्यावर काजळी धरलेली. शेंगा वाकड्या. मुंगळ्यांची रांग खालीवर. या मुंग्या त्या गोड पाण्यासाठी माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकतात, गुराख्यानं कोल्हा हाकलावा तशा. आणि खालच्या चार सऱ्या? तिथं पानांना नारिंगी कोष चिकटलेले, दोन-चार नवे ढालकिडे पंख वाळवत बसलेले, माव्याची नुसती पांढरी टरफलं उरलेली. आत्या शेंगा तोडत होती. मला बघून म्हणाली, "सुसरींचं जेवण झालं बघ. तू जेवलास का?"

आता असं का झालं, ते थोडक्यात. माव्याची मादी नराची वाट बघत नाही. या हवेत ती अंडीही घालत बसत नाही, थेट पिल्लंच देते, आणि ते पिल्लू आठवडाभरात स्वतः आई होतं. ढालकिड्याचं तसं नाही. अंडं, अळी, कोष, मग भुंगेरा, यात तीनेक आठवडे जातात. फवारा दोघांनाही मारतो. पण मागं राहिलेला मावा आठ दिवसांत उभा राहतो, आणि त्याला खाणारा अजून अंड्यातसुद्धा नसतो. पुन्हा सांगतो, मावा आठवड्यात उठतो, ढालकिड्याला तीन आठवडे लागतात. म्हणून पंप उचलायच्या आधी पान उलटून बघा. पानाखाली पिवळी, लांबट, उभी लावलेली अंडी दिसली, माव्यात सुसर फिरताना दिसली, तर चार दिवस थांबून पुन्हा बघा.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढं मी शहाणा झालो, आणि शहाणा झाल्यावर माणूस रेडिओवर बोलतो. एका भाषणात सांगून बसलो, "पाठीवर ठिपके असलेला भुंगेरा आपला मित्र, त्याला मारू नका." महिन्याभरात आत्याचा फोन. "तुझं ऐकून मी ठिपकेवाल्यांना हात लावला न्हाई. आता ये आणि वांगी बघून जा."

वांग्याच्या पानांची चाळण झाली होती. शिरा तेवढ्या शाबूत, मधला हिरवा भाग खरवडून खाल्लेला. तो होता हड्डा भुंगेरा. ढालकिड्याच्याच कुळातला, पण हा शाकाहारी निघाला, आणि आपल्या नेमका तोच उपयोगाचा नाही. पाठीवर अठ्ठावीस ठिपके, वांगी, बटाटा, कारली, दोडका, सगळं चालतं त्याला. पण ठिपके मोजत बसू नका, ते कमी-जास्त असतात. पाठ बघा. मित्राची पाठ चकचकीत, तेल लावल्यासारखी. हड्ड्याची मळकट, कारण तिच्यावर बारीक लव असते. त्याची अळी पिवळी, अंगभर काटे. आणि सगळ्यात सोपं, पान बघा. मित्र बसलेलं पान अखंड, हड्डा बसलेलं पान जाळीदार. चकचकीत तो मित्र, मळकट तो चोर. थोडे असतील तर सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. हड्ड्याच्या अंड्यांचे पुंजके असलेली पानं खुडून टाका.

अशी फसगत द्राक्ष आणि सीताफळवाल्यांचीही होते. पिठ्या ढेकणावर, म्हणजे अंगाला पांढरं पीठ लागल्यासारख्या दिसणाऱ्या किडीवर, सोडायचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा, क्रिप्टोलेमस, 1898 साली दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी आपल्या देशात आणला गेला. आज तो प्रयोगशाळेत वाढवून विकतात. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या घेऊन फिरते, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी, फक्त मोठी आणि चपळ. पैसे मोजून आणलेला मित्र लोक दहा दिवसांनी कीड समजून चिरडतात.

काचेपलीकडून हात हलतोय, म्हणजे दोन मिनिटं राहिलीत. मला अजून काळ्या, रात्री फिरणाऱ्या भू-भुंगेऱ्यांवर बोलायचं होतं. एवढंच सांगतो, ते दिवसा ढेकळाखाली, पालापाचोळ्याखाली लपतात आणि रात्री रोपं कुरतडणाऱ्या अळ्या खातात. बांधावरचा पाचोळा सरसकट पेटवू नका. बांध पेटवून स्वच्छ दिसतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय, तरी सांगतो.

आणि थांबूनही मावा वाढतच गेला, सुसर दिसलीच नाही, तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करायचं. फवारणी संध्याकाळी. चवळी किंवा मक्याच्या चार ओळी कडेनं लावून ठेवा आणि त्या कधीच फवारू नका. या चार ओळी माझ्या नाहीत, आत्याच्या आहेत.

आत्याला सकाळी फोन करून सांगितलंय, आज ऐक म्हणून. आत्या, या वेळी 'चकचकीत' असं दोनदा म्हटलंय. नमस्कार.