गिऱ्हाईक

(दृश्य: नागपूर–चंद्रपूर रस्ता, सकाळ. दोन्हीकडे पऱ्हाटी, मधून तुरीच्या ओळी.)

सुरुवातीच्या काही वर्षांत आनंदवनाची भाजी खाऊन उरायला लागली, तेव्हा नवीच पंचाईत उभी राहिली. भाजी ताजी, भाव रास्त, पण वरोऱ्यात ती घेणार कोण? रक्तपितीवाल्यांच्या, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी! लांबून चार पैसे फेकणारे भेटले असते. विकत घेणारा भेटेना.

बाबा आमट्यांची गोष्ट सहसा गटारापासून सुरू करतात. आपण भाजीपासून करू. दाते त्यांना पुढे पुष्कळ मिळाले. हा माणूस शोधत होता गिऱ्हाईक.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

मुरलीधर देवीदास आमटे. जन्म हिंगणघाटचा, 26 डिसेंबर 1914. ‘बाबा’ हे काही भक्तांनी दिलेलं नाव नाही, घरात लहानपणापासून तीच हाक होती. जमीनदाराचा लाडका पोरगा. शिकारीला बंदूक, फिरायला स्पोर्ट्स कार. इंग्रजी मासिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचा आणि थेट ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार करायचा. पुढे वकील झाला. पंधरा मिनिटांच्या युक्तिवादाला 50 रुपये मिळतात आणि दिवसभर राबणाऱ्या मजुराच्या हातावर बारा आणेही पडत नाहीत, हा हिशोब मात्र त्याला सलत राहिला.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना बाबांनी सफाई कामगारांची संघटना बांधली आणि स्वतः डोक्यावर मैला वाहिला. त्याच दिवसांत, पावसात, रस्त्याकडेला तुळशीराम दिसला. बोटं झडलेली, अंगात किडे. गांधीजींनी ज्याला ‘अभय साधक’ म्हटलं होतं, तो माणूस तिथून पळाला. मग परत आला, त्याला आडोसा केला, सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या मनातून ती पळ काढलेली घटका काही गेली नाही.

कलकत्त्याला जाऊन ते कुष्ठरोगाचं शिकून आले. प्रयोगासाठी रोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले, ते रुजले नाहीत. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती आणि 1951 मध्ये आनंदवन. सुमारे 50 एकर खडकाळ, झुडपी जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, खिशात 14 रुपये. सोबत पत्नी साधनाताई आणि दोन पोरं. थोरला विकास चार वर्षांचाही नव्हता, प्रकाश त्याहून लहान.

पाण्याशिवाय काहीच होणार नव्हतं, म्हणून आधी विहीर. आता जरा हातांकडे बघा.

(दृश्य: कुदळीच्या दांड्यावर आवळलेला हात, अगदी जवळून.)

कुष्ठरोगात नसा मरतात. दांडा घासून तळव्याला फोड येतो, फुटतो, त्यात खडा शिरतो. दुखत नाही, म्हणून माणूस थांबत नाही. जखम चिघळते, बोट जातं. अशा हातांनी खडक फोडायचा. म्हणून काम आटोपलं की हातपाय उलटेपालटे करून तपासायचे, बोटांना जे कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं. डॅप्सोनच्या गोळीनं रोग हटत होता. पण झडलेलं बोट परत येत नाही आणि गावही परत घेत नाही. औषधाची सोय झाली तरी कामाची राहतेच, हे बाबांना फार लवकर उमगलं. मला विचाराल तर त्यांची खरी हुशारी इथे आहे.

भाजीचं मग काय झालं? 1954 च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आले. रुग्णांसोबत त्यांनी विटा-माती वाहिली, इमारती उभ्या केल्या आणि तिथलंच जेवण जेवले. गोऱ्या पोरांना काही होत नाही हे वरोऱ्यानं पाहिलं आणि हळूहळू भाजी खपू लागली. साधनाताई इतकी वर्षं दोन लेकरं घेऊन तिथंच राहत होत्या, तो पुरावा पुरला नव्हता!

1960 च्या दशकात आनंदवनानं वरोऱ्यासाठी कॉलेज उभारलं. ज्यांच्या हातची भाजी चालत नव्हती, त्यांनी बांधलेल्या वर्गांत वरोऱ्याची पोरं शिकू लागली. मूल गावाकडे सोमनाथ प्रकल्प, 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात आदिवासींसाठी हेमलकशाचा प्रकल्प. 1985 मध्ये, पाठीच्या दुखण्यामुळे बसताही येत नसताना, कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा. पुढे धरणाविरोधात नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम. मॅगसेसे, पद्मविभूषण, टेम्पल्टन हे सगळं झालं. ती यादी कुठेही मिळेल.

9 फेब्रुवारी 2008 ला बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं नाही, आनंदवनाच्या मातीतच दफन झालं.

(दृश्य: हातमाग. ठोकण्याचा आवाज.)

सतरंजीचा बाणा ठोकायला लोखंडी पंजा लागतो. या आजोबांच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोन अर्धी पेरं आहेत. पंजाच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून त्यांनी ती जाड केलीय. तांबडा पट्टा संपतो, निळा सुरू होतो. कॅमेऱ्याकडे ते बघतसुद्धा नाहीत.

(दृश्य: विक्रीचं दुकान.)

नागपूरच्या एक बाई सतरंजी उलटून पाहताहेत. काठ ओढून बघितला. रंग जाईल का, विचारून झालं.

“दादा, शेवटचं सांगा.”

“भाव एकच आहे, ताई.”

“दोन घेतल्या तर?”